मका गेला, चुना मागे राहिला

मेक्सिकोच्या दक्षिणेकडे ओआहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या खेड्यांत उद्याच्या जेवणाची तयारी आज संध्याकाळीच चुलीवर चढते. खणखणीत वाळलेला मका निवडून मडक्यात घालतात, दाणे बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी ओततात आणि वाटीत कालवलेला चुना त्यात सोडतात. किलोभर मक्याला चुना साधारण दहा ग्रॅम पुरतो. चुन्याचं पाणी पडलं की पांढरे दाणे बघता बघता पिवळे पडतात. विस्तव बेताचा ठेवायचा, मडक्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. अर्ध्या-पाऊण तासानं एक दाणा काढून चिमटीत चोळून बघायचा. साल सुटून आली, पण दाणा आतून अजून कोरडा असला, तर मडकं उतरवायचं आणि झाकून रात्रभर तसंच राहू द्यायचं.

सकाळी झाकण काढलं की पाणी पिवळं, बुळबुळीत झालेलं असतं. या पाण्याला नेहायोते म्हणतात. दाणे दोन-तीन पाण्यांनी चोळून धुतले की साली सुटून वर तरंगतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. उरतो तो फुगलेला, मऊ, ओला मका. त्याचा वास साध्या उकडलेल्या मक्याहून अगदी वेगळा असतो, थोडासा ओल्या मातीकडे झुकणारा. तो ज्याच्या नाकात बसला त्याला तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, कुठे भाजली जाते आहे हे गल्लीच्या टोकापासून कळतं. या शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला हा शब्द आज स्पॅनिशमध्ये रोजच्या वापरातला आहे.

पुढचं काम मेतातेवर. मेताते म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडातून घडवलेला, तीन पायांचा, पुढे उतरता पाटा. बाई त्याच्यामागे गुडघे टेकून बसते, दगडी वरवंटा दोन्ही हातांनी धरते आणि अंगाचा सगळा भार देऊन पुढे रेटते. एका पाळीत दाणा फक्त फुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत पाट्याच्या पुढच्या टोकाला गुळगुळीत पीठ गोळा होऊ लागतं. त्याचे उंडे करून हातावर थापायचे आणि मातीच्या कोमालवर, म्हणजे तव्यावर टाकायचे. तोर्तिया चिकटू नये म्हणून कोमालवरही चुन्याची निवळी फिरवलेली असते. पहिली बाजू जेमतेम कोरडी झाली की उलटायची, दुसरी नीट भाजू द्यायची, मग पुन्हा उलटली की ती टम्म फुगते. आपल्याकडे भाकरीला पापुद्रा सुटला की थापणारीचं कौतुक होतं, तसं तिथे तोर्तिया फुगली की मुलीला लग्नाला तयार झालीस म्हणतात.

ज्वारीच्या पिठाला अंगचा चिकटपणा नसतो, म्हणून आपण त्यात उकळतं पाणी घालतो आणि पीठ तळहातानं रगडून मळतो. मक्याचंही तसंच. कोरडा मका दळून साध्या पाण्यात भिजवला तर भाकरीच्या कडा चिरतात, थापताना ती मोडते. चुन्यात शिजलेल्या मक्याचं पीठ मात्र कागदाइतकं पातळ थापलं तरी तुटत नाही. सालीतले धागे चुन्यानं विरघळून त्यांचा डिंक होतो, दाण्यातलं पिष्ट अर्धवट शिजतं, आणि दोन्ही मिळून पिठाला धरून ठेवतात.

मात्र चुना याहून फार मोठं एक काम करतो. ते डोळ्यांना दिसत नाही आणि ते न कळल्यामुळे दोन खंडांत लाखो माणसांनी हाल सोसले. मका अमेरिका खंडाबाहेर पडला तेव्हा दाणे गेले, बी गेलं. चुन्याचं मडकं तिथेच राहिलं. बायकांच्या हातात असलेली रीत हीसुद्धा विद्याच आहे, असं दाणे नेणाऱ्यांना वाटलंच नाही. हा लेख त्या मागे राहिलेल्या मडक्याबद्दल आहे.

मक्याचं मूळ मेक्सिकोतच. नैर्ऋत्येकडच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचं रानगवत उगवतं. त्याच्या लहानशा कणसात मोजके दाणे असतात आणि प्रत्येक दाणा कठीण कवचात बंद असतो. या गवतातून निवड करत करत माणसानं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मका घडवायला सुरुवात केली. ओआहाकातल्या गिला नाकित्स गुहेत सापडलेली बोटाएवढी कणसं सहा हजार वर्षांहून जुनी आहेत. दाणे चुन्यात शिजवण्याच्या खुणा ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळतात आणि त्या इसवी सनापूर्वी १५०० ते १२०० या काळापर्यंत मागे जातात. हे पहिल्यांदा कुणी केलं, कसं सुचलं, याचा कागद कुठून असणार? पाणी तापवायला चुनखडीचे गरम दगड टाकले असतील, राखेत दाणे पडले असतील. जिनं ते पीठ पहिल्यांदा थापलं तिला एवढं नक्की कळलं असणार, की हे पीठ हातात राहतं.

माया लोकांच्या पोपोल वुह या ग्रंथात देवांनी माणूस घडवला तो मक्याच्या पिठाचा. आधी मातीचा करून पाहिला, लाकडाचा करून पाहिला, ते टिकले नाहीत. मग आजी श्मुकाने हिनं पांढरा आणि पिवळा मका दळला आणि त्यातून माणसाचं मांस झालं. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं नाहुआत्ल भाषकांकडून माहिती घेऊन मोठा ग्रंथ रचला. त्यात एक नोंद आहे: मका मडक्यात घालण्याआधी बाई त्यावर हलकेच फुंकर घालते, म्हणजे विस्तवाला तो घाबरणार नाही. जमिनीवर सांडलेला दाणा न उचलता पुढे जाणं हे पाप मानलं जाई. आपल्याकडे अन्नाला पाय लागला की हात जोडतात, त्या मनाला ही नोंद समजावून सांगावी लागत नाही.

त्याच शतकातल्या मेंदोसा चित्रपोथीत मुलांचं संगोपन वर्षावार काढलेलं आहे. प्रत्येक मुलाशेजारी त्या वयाला किती तोर्तिया द्यायच्या याचं चित्र आहे. तीन वर्षांच्या मुलाला अर्धी, चार-पाच वर्षांच्याला एक, सहापासून बारापर्यंत दीड आणि तेरापासून दोन. तेरा वर्षांची मुलगी मेतातेपुढे गुडघ्यांवर बसलेली आहे, शेजारी कोमाल आहे आणि आई तिला शिकवते आहे. चित्रं छोटी, साध्या रेषांची आहेत. पण शिक्षण म्हणजे काय याची त्या समाजाची समजूत त्या एका पानावर आहे आणि त्यात दळणं-भाजणं हा विषय धरलेला आहे.

आता ते न दिसणारं काम. मक्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व असतं. पण ते दाण्यातल्या तंतूंना असं जखडलेलं असतं की आपल्या आतड्यांना सोडवता येत नाही, आणि खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतः नायसिन बनवू शकतं. पण मक्यात ट्रिप्टोफॅनही फारच कमी. म्हणजे दोन्ही दारं बंद. चुन्याच्या पाण्यात शिजताना ही जखडण सुटते आणि नायसिन अंगी लागतं. वर दाण्यात कॅल्शियम मुरतं आणि साठवणीत धरलेल्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विषही बऱ्यापैकी कमी होतं. ग्वातेमालात १९४९ साली मध्य अमेरिकेची पोषणसंस्था स्थापन झाली. तिथे रिकार्दो ब्रेसानी या शास्त्रज्ञानं हे सगळं प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तपासलं.

एकट्या चुन्याला सगळं श्रेय देणंही बरोबर नाही. मेक्सिकोच्या शेतात मका एकटा नसतो. मिल्पा या मिश्रशेतीत मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकतात आणि मधल्या जागेत कितीतरी रानभाज्या आपोआप उगवतात. त्या उपटून टाकत नाहीत, खुडून खातात. मक्यात जे लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं ते घेवडा देतो. भोपळ्याच्या बिया स्निग्धांश देतात, मिरची आणि पालेभाज्या जीवनसत्त्वं देतात. आपल्या ज्वारीत तुरीचे पाटे असतात, कडेला अंबाडी असते, तिथली रीत याच जातीची.

निश्तमालपासून एकटी तोर्तियाच होते असं नाही. त्याच पिठात चरबी फेटून, कणसाच्या पानात किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलं की तमाल. तेच पीठ पाण्यात पातळ शिजवलं की आतोले, म्हणजे सकाळची पेज, आणि त्यात चॉकलेट घातलं की चांपुर्रादो. काकावासिंत्ले जातीचा मोठ्या दाण्यांचा मका चुन्यात उकडून, टोकं खुडून, मांसाच्या रश्श्यात फुलेपर्यंत शिजवला की पोसोले. तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीकडच्या हुचितानमध्ये बायका जमिनीत पुरलेल्या मडक्याच्या भट्टीला आतून भाकऱ्या चिकटवून कडक, भोकाभोकांचे तोतोपो भाजतात. ते दिवसचे दिवस टिकतात, म्हणून कोळी आणि प्रवासी ते बरोबर घेत आले. ओआहाकाच्या बाजारात तेहाते नावाचं पेय मोठ्या रंगीत परातीत मिळतं. त्यासाठी मका चुन्याऐवजी राखेत शिजवतात आणि मग काकाओ, मामेय फळाची भाजलेली बी आणि एका झाडाची सुगंधी सुकी फुलं घालून वाटतात. बाई कोपरापर्यंत हात बुडवून ते घुसळते आणि वर पांढऱ्या फेसाचा थर जमतो. हे पेय थंडच प्यायचं असतं. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला, आपली दिवाळी ज्या सुमाराला येते त्याच दिवसांत, मेक्सिकोत मृतांचा सण असतो. घरी आलेल्या पितरांपुढे झेंडूच्या फुलांमध्ये तमाल ठेवतात. तो झेंडूही मूळचा तिथलाच. आपण दसऱ्याला त्याचं तोरण बांधतो आणि तो परका असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही.

कोलंबसाच्या प्रवासांनंतर लगेचच मका स्पेनला पोचला. पीक कणखर, उत्पन्न भरपूर, दळायला युरोपात पाणचक्क्या आणि पवनचक्क्या तयार. कोरडा दाणा सरळ चक्कीत घालून दळता येत असताना तो रात्रभर चुन्यात कशाला ठेवायचा? शिवाय मेक्सिकोत गेलेले स्पॅनिश लोक गव्हाचा पाव खाणारे. तोर्तिया त्यांच्या लेखी ‘इंडियन’ लोकांचं अन्न होतं. त्यांनी बी नेलं आणि रीत सोडून दिली.

परिणाम दिसायला दोनशे वर्षं लागली. उत्तर स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातले वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये गरीब शेतकऱ्यांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन लिहून ठेवलं. हाताच्या पाठीवर, पायांवर आणि गळ्याभोवती हारासारखे लाल, मग काळपट, खपल्या धरणारे चट्टे. रोगी मका खाऊन जगणारे असतात हेही त्यांनी नोंदवलं. इटलीत १७७१ मध्ये फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यांनी याला पेलाग्रा हे नाव दिलं, त्याचा अर्थ खरखरीत कातडी. चट्ट्यांनंतर जुलाब, मग भ्रम, वेड, आणि शेवटी मृत्यू. लोंबार्दी आणि व्हेनेतोमध्ये शेतमजूर तिन्ही त्रिकाळ पोलेंता, म्हणजे मक्याची घट्ट पेज खात. त्यावर घालायला काहीच नसे. वेड्यांची इस्पितळं पेलाग्राच्या रोग्यांनी भरली होती. १७८६ मध्ये इटलीला निघालेल्या जर्मन कवी गटेनं आल्प्सच्या उतारावरच्या बायकांचे फिकट, आजारी चेहरे पाहिले आणि त्याचा संबंध त्यांच्या मक्याच्या आणि कुट्टूच्या पेजेशी लावला. १८८१ च्या सुमारास इटलीत पेलाग्राचे रोगी लाखाच्या वर होते. चेझारे लोम्ब्रोझो यांच्यासारखा नावाजलेला डॉक्टर सांगत राहिला की सडक्या मक्यातलं विष याचं कारण आहे. कुणी हवेला दोष दिला, कुणी रक्ताला. मेक्सिकोचे लोक तर हजारो वर्षं मकाच खात आले, मग त्यांना हे का होत नाही, हा प्रश्न पडायला हवा होता. तो मनावर घेऊन तिथल्या चुलीपर्यंत कुणी गेलं नाही.

विसाव्या शतकात हीच गोष्ट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात घडली. तिचा तपशील आपल्याला अधिक माहीत आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. कापसाच्या पट्ट्यातले कुळं-मजूर आणि गिरणीकामगार मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी यांवर जगत होते. त्यातच नव्या यंत्रांनी मक्याचा अंकुर काढून टाकून टिकाऊ, पांढरंशुभ्र पीठ बनवायला सुरुवात केली. १९०६ नंतर पेलाग्राची साथच आली. १९४० पर्यंत सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि लाखभर माणसं त्यात गेली, असा अंदाज आहे. डॉक्टर जंतू शोधत होते.

सरकारनं १९१४ मध्ये डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांना पाठवलं. ते लहानपणी हंगेरीच्या राज्यातून आलेले, गरीब ज्यू स्थलांतरिताचे चिरंजीव. अनाथाश्रम आणि वेड्यांची इस्पितळं पाहिल्यावर त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. रोगी आजारी पडतात, पण त्यांच्यातच दिवसभर वावरणाऱ्या परिचारिका आणि नोकर पडत नाहीत. रोग जंतूंचा असता तर त्यांना सोडता ना. फरक ताटात होता. त्यांनी मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत दूध, अंडी, घेवडा, मांस सुरू केलं आणि मुलं बरी झाली. पुढच्या वर्षी त्यांनी उलट प्रयोग केला. मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंगशेतीवरच्या कैद्यांना गव्हर्नरनं शिक्षामाफी कबूल केली आणि त्यांना मका, भात, रताळी, काकवी एवढ्यावरच ठेवलं. शेवटपर्यंत राहिलेल्या अकरा जणांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. तरी संसर्गाचा वाद थांबेना. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांचे सहकारी आणि पत्नी मेरी यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. पुरुषांनी तर रोग्यांच्या खपल्या आणि मलमूत्र गोळ्यांत घालून गिळलं. कुणालाही काही झालं नाही.

गोल्डबर्गर यांचं म्हणणं दक्षिणेच्या पुढाऱ्यांना झोंबलं, कारण त्याचा अर्थ होता की त्यांच्याकडचे लोक उपाशी आहेत. रोग गरिबीचा आहे आणि औषध म्हणजे दूध-मांस-भाजी, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. ते १९२९ मध्ये वारले. अन्नातली नेमकी कमतरता नायसिनची, हे कॉन्राड एल्व्हेयम या संशोधकानं १९३७ मध्ये दाखवलं, आणि पुढच्या दशकात पिठात जीवनसत्त्वं मिसळणं सुरू झाल्यावर हा आजार तिथून गेला.

मला याहून अधिक टोचतं ते दुसरंच. याच दक्षिण भागात चेरोकी, चोक्टॉ, क्रीक हे मूळ रहिवासी शतकानुशतकं मका पिकवत आले होते आणि तो लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवत होते. चुन्याचं काम राख करत असे. १८३० च्या दशकात त्यांना तिथून हुसकावून पश्चिमेला हाकललं गेलं. त्यांची जमीन घेऊन तीत कापूस लावला गेला आणि त्याच जमिनीवर राबणारी माणसं शंभर वर्षांच्या आत मका खाऊन मेली.

हा आजार आपल्यापासून लांब राहिला असं समजू नये. दख्खनच्या पठारावर पेलाग्रा होता, आणि तो मका न खाणाऱ्यांत होता. ज्वारीच्या भाकरीवरच पोट भरणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांमध्ये हे चट्टे दिसत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, कोलुथूर गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी या रोग्यांचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ज्वारीतलं नायसिन मक्यातल्यासारखं जखडलेलं नसतं, ट्रिप्टोफॅनही इतकं कमी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग दोष कुठे? ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार आहे आणि त्यामुळे शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं, असं त्यांनी मांडलं. त्यावर पुढे वाद झाले, शोध झाले. पण ज्वारीला दोष देऊन भागणार नाही. भाकरीबरोबर डाळ, ताक, पालेभाजी असेल तर ती उत्तम अन्न आहे. नुसती भाकरी आणि ठेचा, तोही वर्षानुवर्षं, हे दारिद्र्य आहे. गोल्डबर्गरनं जे मिसिसिपीत पाहिलं तेच गोपालन यांनी दख्खनवर पाहिलं.

मेक्सिकोत मात्र या ज्ञानाची किंमत ओळखायच्या ऐवजी तिथल्याच शिकल्यासवरल्या लोकांना त्याची लाज वाटू लागली होती. फ्रान्सिस्को बुल्नेस या राजकारणी-लेखकानं १८९९ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि मानवजातीचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे असे तीन भाग केले. प्रगती करतात ते गहू खाणारे, असा निर्वाळा दिला. म्हणजे कोकणातला माणूसही त्यानं नापास केला आणि ओआहाकातलाही. मक्यामुळे देश मागासला, लोकांना पाव खायला शिकवा, असं धोरणच पुढची काही दशकं चाललं. मग १९४० च्या दशकात अमेरिकी आणि मेक्सिकन संशोधकांनी मेस्कितालच्या कोरड्या खोऱ्यातल्या ओतोमी लोकांचं खाणं तपासलं. तोर्तिया, घेवडा, मिरची, रानातला पाला आणि मगे या घायपातासारख्या वनस्पतीच्या आंबवलेल्या रसाचं पेय, पुल्के. कमालीची गरिबी असूनही अपेक्षेइतकी कमतरता त्यांच्यात आढळली नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख मेतातेची आरती होईल. घरच्या सगळ्यांपुरता मका वाटायला बाईला दिवसाचे चार ते सहा तास लागत. पहाटे उजाडायच्या आत ती गुडघ्यांवर बसायची. गुडघे, पाठ, मनगटं कायमची दुखरी. निश्तमाल दळणाऱ्या गिरण्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावी येऊ लागल्या तेव्हा कितीतरी नवऱ्यांनी विरोध केला. हातच्या वाटणाची चव येत नाही हे सांगायचं कारण होतं. बाई गिरणीवर जाईल, चार जणींशी बोलेल, हे खरं. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३४ ते १९४० या काळात, बायकांच्या संघांना सहकारी गिरण्या मिळाल्या आणि त्या बायकांनी नेटानं चालवल्या. आपल्याकडे पहाटेच्या जात्याचं काय झालं ते आठवावं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत श्रमाचं दुःख आहे आणि तो बोलायचा, मनातलं सांगायचा एकमेव वेळही आहे. गिरणी आल्यावर दळण सुटलं, आणि बायकांनी ते आनंदानं सोडलं. मेक्सिकोच्या बायकांनीही सोडलं. ते योग्यच झालं. चुन्याचं मडकं मात्र त्यांनी सोडलं नाही, सकाळी धुतलेला ओला मका बादलीत घेऊन त्या गिरणीवर जात.

मडकं सुटलं ते तयार पिठामुळे. मासेका हा कारखाना १९४९ मध्ये उत्तरेकडच्या नुएवो लेओन राज्यात सुरू झाला. निश्तमाल करून, वाळवून, दळून पिशवीत भरलेलं पीठ. पाणी घाला आणि थापा. रात्रभराचं काम मिनिटावर आलं. या पिठातही चुना आहे, नायसिनही मोकळं आहे, तेव्हा त्याला विष म्हणणं अन्यायाचं होईल. पण चव, वास आणि मऊपणा यांत ते ओल्या पिठाच्या जवळही जात नाही. आणि गावोगावच्या वेगवेगळ्या मक्याचा त्यात मागमूस राहत नाही. मेक्सिकोत देशी मक्याचे ५९ वाण नोंदले आहेत. निळा, तांबडा, जांभळा, काळा, पोसोलेचा वेगळा, तोतोपोचा वेगळा, उंच डोंगरातला वेगळा. कारखान्याला लागतो एकसारखा मका.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला आणि अमेरिकेचा अनुदानित स्वस्त मका मेक्सिकोत यायची वाट मोकळी झाली. पाच वर्षांत तोर्तियावरचं सरकारी अनुदानही संपलं. त्यानंतर २००७ च्या जानेवारीत तोर्तियाचे भाव भडकले तेव्हा हजारो लोक मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात जमले. मका नसेल तर देश नाही, ही घोषणा त्याच वर्षी देशभर झाली. मक्याच्या जन्मभूमीत माणसं तोर्तियासाठी रस्त्यावर आली, हे त्या देशाला फार लागलं.

तेव्हापासून उलटा प्रवाह सुरू आहे. मिचोआकानच्या पारंपरिक स्वयंपाकिणींना पुढे ठेवून मेक्सिकोनं आपला स्वयंपाक युनेस्कोपुढे मांडला आणि २०१० मध्ये तो मानवजातीच्या अमूर्त वारशात दाखल झाला. त्या नोंदीत मिल्पा आहे, मेताते आहे, निश्तमाल आहे. शहरांत देशी मका गावकऱ्यांकडून थेट घेऊन रोज ताजा निश्तमाल करणारी तोर्तियाची दुकानं निघाली आहेत. भाव चढा आहे, त्यामुळे गरिबाच्या ताटात ती तोर्तिया अजून पोचत नाही, आणि या चळवळीचं मोठं काम अजून बाकी आहे ते हेच. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोनं घटनादुरुस्ती करून देशात जनुकीय बदल केलेला मका पेरायला बंदी घातली आणि मका ही राष्ट्राची ओळख आहे असं घटनेत लिहिलं.

आपल्याकडे मका मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात आणि कारखान्यांत जातो. पण नंदुरबारच्या बाजूला, सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्ल-पावरा घरांमध्ये मक्याची भाकरी आजही रोजचं जेवण आहे. चुना तिथे प्रत्येक आठवडे बाजारात मिळतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं किंवा एखाद्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरानं तिथल्या बायकांबरोबर बसून, तिथलाच गावठी मका चुन्यात शिजवून पाहावा, चव त्यांना पसंत पडते का ते विचारावं, असं मला फार वाटतं. खर्च जवळजवळ काहीच नाही. वाळलेला शेतातला मका लागतो, गोड मका चालत नाही. चुना खायचाच हवा, भिंतीचा नको. ॲल्युमिनियमचं पातेलं चुना खातो, तेव्हा स्टीलचं किंवा मातीचं घ्यावं. चुना सढळ हातानं पडला तर भाकरी कडवट लागते आणि जीभ चुरचुरते, कमी पडला तर साल सुटत नाही. पहिल्या दिवशी मापानं करावं, पुढे हाताला कळतं. घरात मिक्सर असेल तर धुतलेले दाणे थोड्या पाण्यावर दोनदा फिरवावेत, आणि पाटा असेल तर त्याला आधी टाकी लावून घ्यावी.